केस विस्कटले की शब्द विसरायचे का?

पूर्वभागकर:
रात्रपाळी संपवून अशोक चौकातनं घरी आलो की झोप लागेपर्यंत मोबाइलवर जुनं काहीबाही बघतो. काल जिमी फॅलनच्या ‘द टुनाइट शो’ या अमेरिकेतल्या रात्रीच्या विनोदी गप्पांच्या कार्यक्रमाचा १५ सप्टेंबर २०१६ चा भाग लागला. पाहुणे डोनाल्ड ट्रम्प, ते उमेदवार असलेली अध्यक्षपदाची निवडणूक दोन महिन्यांवर. फॅलननं विचारलं, केस विस्कटू का? विस्कटले. मीही हसलो, आणि मग पोटात कालवलं. याच माणसानं २०१५ ला मेक्सिकोतून येणाऱ्यांबद्दल ‘बलात्कारी’ शब्द वापरला होता. आमचे आजोबा तेलंगणातनं मागावर पोट भरायला सोलापुरात आले. आमची निम्मी गल्ली तशीच आलेली. मला ते शब्द लागतात. अशा नेत्याला विनोदी कार्यक्रमात बोलवावं का?

जुळे सोलापूरवाला:
बोलवावं की! पण विचारावं पण. २०१५ च्या सप्टेंबरात स्टीफन कोल्बेअरनं, तोही असाच कार्यक्रम करणारा, त्यांनाच बोलावून ओबामांच्या जन्माचा विषय काढला, म्हणजे ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत ही ट्रम्पनी उठवलेली शंका. ट्रम्पनी उत्तर टाळलं, पण टाळलेलं सगळ्यांना दिसलं.

होटगी रोडची ताई:
फॅलनवर टीका झाली, पुढं त्यानंही खंत बोलून दाखवली. तरी एकट्या त्याच्यावर खापर फोडू नका. हसणारे आपणच.

पूर्वभागकर:
ताई, पटलं. पण माइक त्याच्या हातात होता, आपल्या नाही. एक प्रश्न तरी मेक्सिकोच्या त्या मजुरांसाठी विचारायचा होता.