डॅम्पिंग शीट बसवून महामार्गावरचा आवाज कितपत कमी होतो?

वाळूजकर:

नमस्कार. माझ्याकडे २०१९ सालची पेट्रोल हॅचबॅक असून ती आतापर्यंत ५८,००० किलोमीटर चालली आहे. छत्रपती संभाजीनगरहून नागपूरला बहिणीकडे आम्ही वर्षातून पाच-सहा वेळा समृद्धी महामार्गाने जातो. शहरात या गाडीविषयी माझी कसलीही तक्रार नाही; मात्र समृद्धीच्या काँक्रीटवर वेग ताशी ८० च्या पुढे गेला की खालून एकसुरी घुमारा सुरू होतो आणि १०० ला पोहोचेपर्यंत मागच्या सीटवरच्या माणसाशी आवाज चढवूनच बोलावे लागते. माझी आई ७४ वर्षांची आहे आणि ती श्रवणयंत्र वापरते. त्या यंत्रातून तिला आमच्या बोलण्यापेक्षा हा घुमाराच मोठा ऐकू येतो, म्हणून जालना मागे पडले की ती यंत्र काढून डबीत ठेवते आणि उरलेला सगळा प्रवास खिडकीबाहेर पाहत गप्प बसून राहते. मला ते पाहवत नाही.

येथील एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानदाराने चारही दारे, फरशी, डिकी आणि छत अशा संपूर्ण गाडीला आतून डॅम्पिंग शीट लावण्याचा सल्ला दिला आहे. त्याने दाखवलेला नमुना खालून काळा व चिकट होता आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा चंदेरी थर होता. सांगितलेला खर्च माझ्यासाठी लहान नाही, त्यामुळे होकार देण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले. या कामाने टायरांचा आवाज खरोखर किती कमी होतो, संपूर्ण गाडीला शीट लावणे आवश्यक आहे का, आणि दारांचे काम मी घरी करू शकेन का, हे कृपया सांगावे. साधी हत्यारे माझ्याकडे आहेत आणि गाडीची किरकोळ कामे मी स्वतः करतो.

चाकणचा अभियंता:

वाहनांतील आवाज आणि कंपने हाच माझा कामाचा विषय असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याला दाखवलेली शीट आवाज अडवत नाही, ती पत्र्याचे थरथरणे थांबवते. हा फरक दुकानात सहसा कोणी सांगत नाही. गाडीच्या दाराचा बाहेरचा पत्रा सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो आणि मोठ्या सपाट भागात तो ताशाच्या कातड्यासारखा वाजतो. त्यावर ब्यूटाइल रबराची शीट चिकटवली की पत्रा लवताना वरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर त्याच्याबरोबर सहजासहजी ताणला जात नाही, मधले रबर दोन्हींच्या मध्ये कातरल्यासारखे सरकते आणि कंपनाची ऊर्जा त्या रबरात किंचित उष्णतेच्या रूपाने जिरते. त्यामुळे शीटचा अ‍ॅल्युमिनियमचा थर जाड असणे आणि शीट पत्र्याला रोलरने घट्ट दाबून बसवलेली असणे, या दोन गोष्टी एकूण जाडीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. खाली हवेचा फुगा राहिला तर तेवढ्या भागात ती शीट नुसते वजन ठरते.

यातूनच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पत्र्याचा कंप मोडण्यासाठी तो पूर्ण झाकावा लागत नाही. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध, साधारण पाव ते एक तृतीयांश क्षेत्रावर शीट लावली तरी बहुतेक फायदा मिळून जातो. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करत गेल्यास जागा आपोआप कळतात: जिथे रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो तिथे शीट हवी, आणि जिथे मुळातच भरीव आवाज येतो, म्हणजे घड्या व कंगोरे असलेल्या भागात, तिथे तिचा उपयोग नाही. दोन मिलिमीटर जाडीची शीट एका चौरस मीटरला तीन किलोंहून अधिक भरते. संपूर्ण गाडी मढवली तर वीस-पंचवीस किलो वजन कायमचे वाढते, आणि ते बव्हंशी वाया जाते.

आता मूळ तक्रारीकडे येतो. काँक्रीटवरचा घुमारा बराचसा टायर आणि रस्ता यांच्यातून निर्माण होतो. काँक्रीटच्या पृष्ठभागावर पकड मिळावी म्हणून आडव्या खाचा पाडलेल्या असतात, त्यांवरून टायर जाताना एक ठरावीक सूर लागतो. शिवाय टायरच्या आतील हवेचा पोकळ कंकणाकृती स्तंभ २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास घुमतो आणि तो सूर सस्पेन्शनच्या वाटेने थेट बॉडीत शिरतो. हे सारे आत आल्यावर फरशी, मागच्या चाकांवरचे घुमट आणि डिकीचा तळ यांचे पत्रे ते आणखी वाढवतात. शीटने हा शेवटचा हिस्सा कमी होतो. माझ्या अनुभवात लहान गाडीत नीट काम केल्यावर ताशी १०० च्या वेगाला दोन ते तीन डेसिबलचा फरक मिळतो. कानाला तो जाणवतो. परंतु आवाज निम्मा झाल्यासारखे वाटण्यासाठी सुमारे दहा डेसिबल कमी व्हावे लागतात, आणि तेवढी अपेक्षा या कामाकडून ठेवू नये.

म्हणून खर्च करण्यापूर्वी आपल्या टायरांचे वय आणि झीज पाहावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. टायरांवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागले तर झीज असमान आहे, आणि अशा टायरांचा घुमारा कोणत्याही शीटने झाकला जाणार नाही. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून पाहा. आवाजाची जागा बदलली तर दोष टायरांचाच आहे. लांब वळणावर एका बाजूला आवाज वाढत असेल, तर चाकाचे बेअरिंग तपासून घ्यावे.

रत्नागिरीचा वाचक:

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. दारांचे काम घरी करणार असाल, तर माझा अनुभव अवश्य वाचावा.

तीन वर्षांपूर्वी मी एका कारागिराकडून चारही दारांना शीट लावून घेतली. काम संपल्यावर दार बंद करताना येणारा जड, भरीव आवाज ऐकून फार समाधान वाटले होते. पुढच्या जुलैत आठवडाभर संततधार लागली आणि एके सकाळी डावीकडचे मागचे दार उघडताना आतून कळशीत पाणी हिंदकळावे तसा आवाज आला. खाली वाकून पाहिले तर दाराच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची दोन्ही भोके शीटच्या कडेने बुजली होती. खराट्याची काडी घालून ती मोकळी केली, तेव्हा जवळपास तांब्याभर गंजाळलेले लालसर पाणी बाहेर पडले. दुसऱ्या दारात वेगळीच चूक निघाली. आतील प्लॅस्टिकचा पातळ कागद कारागिराने निरुपयोगी समजून फाडून टाकला होता, त्यामुळे पाणी डोअर पॅडच्या मागून झिरपून पायाखालच्या गालिच्यात मुरले होते, आणि तो कुबट वास जायला दोन महिने लागले.

काचेच्या बाहेरील रबरी पट्टीतून थोडे पाणी दारात शिरणारच, असे गृहीत धरूनच दाराची रचना केलेली असते. ते पाणी बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने ओघळून तळाच्या भोकांतून निघून जाते, आणि आतल्या बाजूला उडालेले थेंब तो प्लॅस्टिकचा कागद पुन्हा दारात सोडतो. तेव्हा शीट तळापासून किमान चार बोटे वर थांबवावी, भोकांच्या जागा आधीच चुन्याच्या खडूने खुणावून ठेवाव्यात, आणि कागद अलगद सोडवून त्याची खालची कड होती तशीच दाराच्या आत खोचून परत चिकटवावी. पॅड लावण्यापूर्वी काच पूर्ण खाली-वर करून ती कुठे घासत नाही याची खात्री करावी आणि बाहेरून काचेवर बादलीभर पाणी ओतून ते तळातून बाहेर येते का, हे डोळ्यांनी पाहावे. कोकणातल्या माणसाला ही शेवटची परीक्षा सोडून चालत नाही. आपल्याकडे पाऊस कमी असला तरी ती कराच.

वाळूजकर:

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी तळहात फिरवून पाहिला. मागचे दोन्ही टायर सांगितल्याप्रमाणे करवतीसारखे लागले आणि त्यांवर २०१९ चाच शिक्का आहे. टायर आधी बदलतो. त्यानंतर फरशी आणि मागच्या चाकांवरचे घुमट करावेत असा विचार आहे. दुकानदाराकडे डांबरावर आधारित स्वस्त शीटही आहे, ती चालेल का? आणि छताचे काय करावे? पावसात छतावरचा आवाजही आईला त्रास देतो.

चाकणचा अभियंता:

टायर सहा वर्षांहून जुने असतील आणि आपण भर उन्हात समृद्धीवर तासन्तास एकाच वेगाने गाडी चालवत असाल, तर ते बदलणे आवाजापेक्षाही सुरक्षिततेसाठी गरजेचे आहे. त्यात चालढकल करू नये. नवे टायर घेताना रुंदी वाढवू नका, कारण टायर जितका रुंद तितका त्याचा आवाज साधारणतः अधिक असतो. हवा दारावरच्या तक्त्यात दिल्याप्रमाणेच भरावी.

डांबरी शीट घेऊ नये. मराठवाडा-विदर्भाच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या छताचा पत्रा ७० अंशांपर्यंत तापू शकतो. त्या उष्णतेत डांबर मऊ पडते, उभ्या व उलट्या पृष्ठभागावरून सुटू लागते आणि गाडीत वास भरून राहतो. ब्यूटाइल महाग असले तरी तेच वापरावे. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा करावा, आणि फरशीवर कुठे गंज दिसला तर त्याचा बंदोबस्त केल्याशिवाय त्यावर काहीही चिकटवू नये.

फरशीसाठी सीट काढाव्या लागतील. सीटखालून जाणाऱ्या पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेच्या असतात. बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबल्यावाचून त्यांच्या जोडण्यांना हात लावू नये, आणि त्या सुटलेल्या असताना इग्निशन चालू करू नये. शीटवर पाच-सहा मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम अंथरला तर गालिचा पत्र्यापासून अलग राहतो. उघड्या छिद्रांचा स्पंज मात्र नको, तो पाणी धरून ठेवतो.

पावसाचा आवाज ही शीटच्या बाबतीत सर्वांत सोपी गोष्ट आहे, कारण तिथे वाजतो तो निव्वळ पत्रा. छताच्या प्रत्येक मोठ्या चौकटीच्या मध्यभागी एकेक शीट लावली तरी फरक लगेच कळतो. मात्र आतील अस्तर उतरवताना ते दुमडले तर त्याची घडी कायम राहते, आणि आपल्या गाडीत पडद्याच्या एअरबॅग असतील तर त्या छताच्या कडेलाच बसवलेल्या असतात. एवढे एक काम घरी न करता अनुभवी माणसाकडून, स्वतः समोर उभे राहून करून घ्यावे.

वाळूजकर:

दोन महिन्यांनी लिहीत आहे. टायर बदलले आणि फक्त तेवढ्यावरच एक फेरी नागपूरला केली. घुमाऱ्याचा सूर खाली आला आणि बराच मऊ झाला. त्यानंतर दोन रविवार लावून फरशी, मागचे घुमट आणि डिकीचा तळ स्वतः केला. शीट मोजून अडीच चौरस मीटर लागली. दारे आणि छत अजून केलेले नाही.

मोबाइलवर मोजलेल्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून ते देत नाही. मागच्या आठवड्यात जाताना ताशी ९० चा वेग ठेवला होता. आईने मेहकरपर्यंत यंत्र कानात ठेवले, आणि सिंदखेडराजाच्या आसपास तिने मागून विचारले की बहिणीसाठी घेतलेला लोणच्याचा डबा डिकीत आडवा तर ठेवला नाही ना. मी मान न वळवता उत्तर दिले आणि तिला ते ऐकू आले. पावसाळ्यापूर्वी छताचे काम करून घेणार आहे. त्या वेळी अस्तर उतरवल्यावर काही अडचण आली तर येथेच विचारीन.