डेव्ह स्टीबला ‘बिचारा’ म्हणणं बंद करा

मिसिसागाकर (धागाकर्ता)

2004 साली इकडे कॅनडात आलो तेव्हा आमचे घरमालक तळघरात बसून टोरांटो ब्लू जेज ह्या बेसबॉल संघाच्या मॅचेस बघायचे. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी मला नियम सांगायच्या आधी ब्लू जेजचा जुना पिचर (चेंडू टाकणारा) डेव्ह स्टीब सांगितला. सोफ्याच्या हातावरून रिमोटमधला सेल घरंगळवला आणि मध्येच बोटाने टुणकन उडवला. “असा उसळला,” म्हणाले, आणि मान हलवत बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नऊ इनिंगमध्ये 27 जण बाद करायचे आणि समोरच्यांना एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) द्यायची नाही, म्हणजे नो-हिटर. 24 सप्टेंबर 1988, क्लीव्हलंड. 26 बाद, बॅटरवर दोन स्ट्राइक (तिसऱ्यावर तो बाद). हुलिओ फ्रँको एक साधा सरपटी फटका मारतो, सरळ सेकंड बेसमन मॅनी लीच्या दिशेने. चेंडू ऐनवेळी उसळतो आणि लीच्या डोक्यावरून जातो. गेलं. स्टीबची पुढची मॅच 30 सप्टेंबरला, टोरांटोत, बाल्टिमोरविरुद्ध. पुन्हा 26 बाद, पुन्हा दोन स्ट्राइक, आणि जिम ट्रेबरचा पोचट फटका फर्स्ट बेसमनच्या डोक्यावरून टपकतो. 4 ऑगस्ट 1989 ला यांकीजचे 26 जण ओळीने बाद, कुणी वॉकवरसुद्धा (चार वाईट चेंडूंमुळे मिळणारा फुकटचा बेस) बेसवर गेला नाही, म्हणजे परफेक्ट गेमच. तिथे रॉबर्टो केलीने डबल (दोन बेसचा फटका) मारला.

झालं. तेव्हापासून स्टीब म्हणजे ‘बिचारा’. माझं भांडण ह्याच्याशी आहे. ह्या माणसाने कारकिर्दीत 2895 इनिंग टाकल्या. 1980 ते 89 ह्या दशकात त्याच्या नावावर 140 विजय आहेत, त्याच्या पुढे फक्त जॅक मॉरिस. सात वेळा ऑल-स्टार. 1985 साली अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात कमी ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) त्याचा होता, 2.48. आणि लोकांना आठवतात काय, तर तीन चेंडू. 2004 मध्ये हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या थोरांचं मानाचं दालन) मतदानात त्याला 506 पैकी 7 मतं पडली आणि पहिल्याच वर्षी नाव यादीतून बाद. मला वाटतं ह्या गोष्टीवेल्हाळपणानेच त्याचा घात केला. गोष्ट इतकी चविष्ट की तिच्यामागचा पिचर कुणी बघितलाच नाही.

खडूस_वाचक

सात वेळा ऑल-स्टार, आणि दुर्लक्षित? मग ज्यांना कुणी कधी बोलावलंच नाही त्यांना काय म्हणायचं, अदृश्य?

शिवाजीपार्कचा

हेच लिहायला आलो होतो. दुर्लक्ष बघायचं असेल तर मुंबईचे स्पिनर पद्माकर ‘पॅडी’ शिवलकर बघा. 124 प्रथम श्रेणी सामने, 589 विकेट्स. 1973 च्या रणजी फायनलला चेपॉकवर तामिळनाडूच्या पहिल्या डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्यात 18 धावांत 5. एकही कसोटी नाही, कारण समोर बेदी. स्टीबला 412 वेळा सुरुवातीचा पिचर म्हणून चेंडू हातात मिळाला. त्याच्यावर अन्याय झाला असं म्हणताना आमच्या पॅडीची आठवण ठेवा, एवढंच.

मिसिसागाकर

@शिवाजीपार्कचा, शिवलकरांबद्दल दुमत नाहीच. पण गंमत बघा, तुम्ही सांगितलंत काय? 16 धावांत 8. म्हणजे त्यांनी काय केलं ते. स्टीबचं नाव निघालं की लोक त्याचं काय हुकलं तेवढंच सांगतात. मी म्हणतोय तो फरक हाच.

आकडेमोड

धागाकर्त्याशी अर्धा सहमत. स्टीबचं नुकसान झालं हे खरं, पण गुन्हेगार तुम्ही चुकीचा पकडलाय. नुकसान ‘विजय’ नावाच्या भिकार आकड्याने केलं.

पिचरच्या नावावर विजय लागायला त्याच्या संघाने धावा काढाव्या लागतात. तुम्ही म्हणता ते 1985 घ्या. लीगमध्ये सर्वोत्तम ईआरए, आणि विजय-पराभव किती? 14-13. त्याच्याआधी 1982. स्टीबच्या इनिंग 288, ईआरए 3.25, 17-14. मिलवॉकीचा पीट वुकोविच, इनिंग 223, ईआरए 3.34, 18-6. साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) वुकोविचला, स्टीब चौथा. पासष्ट इनिंग जास्त टाकून, धावाही कमी देऊन चौथा! का? मिलवॉकीकडे तेव्हा तगडी बॅटिंग होती आणि ब्लू जेज तोवर एकदाही निम्म्याहून जास्त मॅचेस जिंकलेले नव्हते. 1977 साली जन्मलेला संघ, तोही कॅनडातला. मतं देणारे पत्रकार वर्तमानपत्रात छापलेला विजयांचा रकाना बघायचे. आणि ह्यातलं काहीच 1988 नंतरचं नाही. म्हणजे फ्रँकोचा चेंडू उसळायच्या सहा वर्षं आधीच ह्याच्यावर पाणी सोडलेलं होतं.

आता मॉरिस. 254 विजय, पण ईआरए 3.90. स्टीबचा 3.44. आजच्या वॉर ह्या मापाने (साध्या बदली खेळाडूपेक्षा संघाला किती सामने जास्त जिंकून दिले) स्टीब छप्पन्नच्या आसपास, मॉरिस त्रेचाळीसच्या. मॉरिस 2018 मध्ये समितीमार्फत हॉल ऑफ फेममध्ये गेला.

गोष्टीवेल्हाळ

माझ्या आयडीवरूनच कुणीतरी शिवी तयार केलेली दिसते वर. :)

@आकडेमोड, मॉरिस का गेला ते तुम्ही गाळलंत. 1991 ची वर्ल्ड सिरीज, सातवी मॅच, मिनेसोटाविरुद्ध अटलांटा. नऊ इनिंग 0-0. मॉरिस दहावीही टाकायला उतरतो, आणि मिनेसोटा 1-0 जिंकते. त्या एका रात्रीची गोष्ट त्याला पंधरा वर्षं मतपत्रिकेवर जिवंत ठेवते. म्हणजे गोष्ट माणसाला आत नेते. आणि स्टीबची सातवी मॅच? 1985 ची लीग फायनल, कॅन्सस सिटीविरुद्ध. बेस भरलेले, जिम सुंडबर्गचा उंच फटका वाऱ्यावर तरंगत उजवीकडच्या भिंतीच्या माथ्यावर आपटतो, तिघे घरी, म्हणजे तीन धावा. मॅच 6-2 ने गेली. मोठ्या दिवशी तुमचा माणूस हरला, मालक. त्यात नशीब थोडं होतं, पण तोही होता.

आणि मला सांगा, आज मराठीत बसून आपण 1982 च्या साय यंगवर वाद घालतोय तो कशामुळे? 3.25 मुळे? घरमालकांनी तो सेल उडवला म्हणून. वॉर 56 असलेले पिचर ढिगाने पडलेत, त्यांच्या नावाने कुणी धागे काढत नाही.

मिसिसागाकर

त्याच सिरीजमध्ये स्टीबने पहिली, चौथी आणि सातवी अशा तीन मॅचेस सुरू केल्या होत्या हे तुम्ही गाळलंत. पण असो, तिथे तो हरला हे कबूल. माझा आक्षेप गोष्टीला नाही, हीच एक गोष्ट का, ह्याला आहे. ह्या माणसाची त्याहून भारी गोष्ट आहे. कॉलेजात तो आउटफिल्डर (मागे लांब उभा राहणारा फील्डर) होता. ब्लू जेजचे लोक सदर्न इलिनॉय विद्यापीठात त्याची बॅटिंग बघायला गेले. तिथे त्याने मध्येच थोडी पिचिंग केली आणि ते बॅटिंग विसरले. 1978 मध्ये घेतला आणि 1979 च्या जूनमध्ये मोठ्या लीगमध्ये उभा केला. वर्षभरात! त्याची ती स्लायडर (वेगात येऊन वळणारा चेंडू) आउटफिल्डमध्ये कुजली असती. ही का नाही सांगत कुणी?

खडूस_वाचक

कारण शेवट गोड आहे. रडायला काही नाही.

शिवाय स्वभाव. फील्डरने चेंडू सोडला की हा माउंडवरून त्याच्याकडे डोळे वटारून बघायचा, सगळ्या स्टेडियमला दिसेल असा. सहकाऱ्यांना आवडत नसणार आणि पत्रकारांना तर नाहीच. हे नशीब वगैरे पुढचं.

शिवाजीपार्कचा

डोळे वटारणारे बोलर आम्ही शाळेत असल्यापासून बघतोय, त्यात विशेष काय? कांगा लीगमध्ये स्लिपला कॅच सुटला की काय काय ऐकू यायचं ते इथे लिहिता येणार नाही.

आकडेमोड

हॉलबद्दल मात्र माझं स्वतःचं मत डळमळीत आहे. 176 विजय सोडून द्या, पण 1991 मध्ये नऊ मॅचेस सुरू करून दुखापतीने जो बसला तो परत तसा उभा राहिलाच नाही. तेहतिशीत संपला. 1992 ला ब्लू जेज जगज्जेते झाले तेव्हा हा दुखापतग्रस्त, आणि त्या वर्षी संघासाठी 21 विजय मिळवणारा कोण? जॅक मॉरिस! एवढं तर कादंबरीकारही करणार नाही, वाचक पुस्तक फेकून मारतील. चार वर्षं घरी बसून 1998 मध्ये चाळिशीत परत आला, 19 मॅचेस, एक विजय. अकरा वर्षं उत्तम, पण मागेपुढे फार नाही. मी असतो तर मत दिलं असतं. पण न देणाऱ्याला मूर्ख म्हणणार नाही. सात मतं मात्र लाजिरवाणीच.

नवखी

मला बेसबॉल काही कळत नाही, सॉफ्टबॉल शाळेत दोन वर्षं खेळले तेवढंच. पण त्याला नो-हिटर शेवटपर्यंत मिळालीच नाही का?

मिसिसागाकर

मिळाली! 2 सप्टेंबर 1990, तेही क्लीव्हलंडलाच, 3-0. ब्लू जेजच्या इतिहासातली पहिली. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद झाल्यावर त्याने ॲलेक्स कोलला वॉक दिला (इथे घरमालक डोळे मिटून घ्यायचे), मग जेरी ब्राउनने उजवीकडे सणसणीत फटका मारला. सरळ ज्युनियर फेलिक्सच्या हातात.

आता हे बघा. फ्रँकोचा सरपटी, ट्रेबरचा पोचट, ते दोन्ही हिट ठरले. ब्राउनचा चेंडू त्या दोघांपेक्षा कितीतरी कडक बसला होता आणि तोच बाद. पिचर म्हणून स्टीब 88 मध्ये वाईट नव्हता आणि 90 मध्ये जादूगार झाला नव्हता.

गोष्टीवेल्हाळ

आणि हे सांगताना तुम्ही घरमालकांचे मिटलेले डोळे घातलेत. :)

नवखी

आत्ता ते 88 चं क्लिप चार वेळा पाहिलं. सेकंड बेसवाली मुलं आम्ही अशाच चेंडूला वाकून बसायचो. एक शंका. त्याच्या हाताला चेंडू लागलासुद्धा नाही, पण यायला हवा होता तिथेच तो उभा होता. मग ती एरर का नाही दिली? एरर दिली असती तर नो-हिटर राहिली असती ना?

आकडेमोड

राहिली असती. पण वेडीवाकडी उसळी ही फील्डरची चूक धरत नाहीत, नियमच तसा आहे. स्कोअररने हिट लिहिली, आणि बरोबर लिहिली. स्कोअरबुकात त्या चेंडूपुढे एवढंच आहे: फ्रँको, सिंगल.