संबळाच्या ठेक्यातून पैठणीचा काठ काढायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी पैठणचा, काठ-पदराचे ग्राफ (विणकामासाठी चौकटींच्या कागदावरची नक्षी) काढतो. मोर, आसावली नेहमीचंच; यंदा गोंधळातल्या संबळाचा ठेका काठावर उतरवायचं डोक्यात आलंय.

आधी जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनीची पद्धत धरली. १७८७ मध्ये त्यानं पत्र्यावर वाळू टाकून कडेला व्हायोलिनचा गज फिरवला होता. मी स्पीकरवर पातळ पत्रा बसवून गोदावरीची चाळलेली वाळू पसरली. मोबाइलवरून एकच सूर सोडला की वाळू न हलणाऱ्या रेषांवर गोळा होते आणि चौकडीसारखी सुरेख नक्षी उठते. सूर चढवला की नक्षी दाट. पण संबळ लावला की सगळं विस्कटतं! थाप क्षणात विरते, वर तिच्यात एकदम कितीतरी कंपनं. वाळूला जागा धरायला वेळच मिळत नाही. (मैदा वापरू नका, फार बारीक पूड हवेच्या झोतानं भलतीकडेच जमते.)

आता ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम काढलाय, म्हणजे कुठल्या क्षणी किती उंच-खालचे सूर आहेत याचं चित्र. त्यात मोठ्या संबळाची घुमणारी थाप खाली जाड पट्ट्यासारखी दिसते, छोट्याची उभ्या बारीक रेघेसारखी. मला तरी यातच काठ दिसतो.

अडचण अशी, की हे चित्र ग्राफच्या चौकटींत कसं बसवू? रंग तीनच ठेवायचेत आणि ठेक्याचं आवर्तन संपतं तिथंच नक्षी पुन्हा सुरू व्हायला हवी. फुकटातलं सॉफ्टवेअर किंवा छोटा पायथन कोड कुणाकडं आहे का? हिमरू कापड विणणाऱ्यांपैकी कुणी असलं काही केलं असेल तर जरूर सांगा.