पहिलं लिनक्स कोणतं, आणि काय उडवलंत?

माझं उबुंटू ६.०६, म्हणजे विंडोजऐवजी संगणकावर टाकायच्या लिनक्स प्रणालीचा एक प्रकार, २००६ सालचं. फुकट सीडी टपालाने घरपोच यायची, तीच. पार्टिशन (हार्ड डिस्कचा कप्पा) निवडताना चुकलो आणि दादाचा सगळा डेटा साफ! दोन दिवस तो बोलला नाही. तुमचं?

प्रतिसाद १: नॉपिक्स, तेही लिनक्सच. थेट सीडीवरून चालायचं, हार्ड डिस्कला धक्का नाही, म्हणून मी वाचले.

प्रतिसाद २: रेड हॅट ९, हेही लिनक्सच, तीन सीड्या. इंटरनेट जोडणारं मॉडेम काही केल्या चालेना. ते विनमोडेम निघालं, अर्धं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकलणारं. मग विंडोजमध्ये जायचं, उपाय शोधून वहीत उतरवायचा, पुन्हा लिनक्समध्ये संगणक सुरू करायचा. अक्षर तेवढं सुधारलं.

प्रश्नकर्ता: वही माझ्याकडेही होती. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘आधी बॅकअप’. दादाने लिहिलेलं.