जुन्या फोटोंचे फलक: थोडी भर

उत्सवाच्या रस्त्यावर गावाचे जुने फोटो मोठे छापून त्यांचे फलक लावायचे, अशी एक सूचना आहे. तसं करणार असाल, तर मूळ प्रत मागवून स्कॅनच करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकसते, मोठी छापली की चेहरे पुसट होतात. ४ × ६ इंची फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात. २ × ३ फुटी फलकावर ते १०० डीपीआय पडतात, चार-पाच फुटांवरून बघायला पुरेसे. मूळ फोटोच अस्पष्ट असेल तर डीपीआय वाढवून काही हाती लागत नाही.

छपाई मॅटच हवी. चकचकीत फ्लेक्सवर दुपारी फक्त ऊन दिसतं! फलकाचा मध्य जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर ठेवा आणि चारही कडा चौकटीला बांधा. फक्त वरून टांगलेला फ्लेक्स वाऱ्यात शिडासारखा फुगून दोऱ्या तोडतो.

जागा निवडताना मात्र घाई नको. शक्यतो फोटो जिथून काढला तिथेच, बघणाऱ्याचं तोंड त्याच दिशेला राहील असा लावा. ओळखीचा कोपरा समोर असला की म्हातारी माणसं आपसूक बोलायला लागतात, म्हणून शेजारी वही-पेन ठेवाच. फोटोच्या सालाची खात्री नसेल तर फलकावर ‘अंदाजे’ लिहा.