ट्रिएस्टची 'ट्वास' अकादमी: पैसा नक्की कुणाचा, आणि होकाराचं पत्र देण्याआधी काय बघायचं?

(प्रयोगवही, गाळणीकागद आणि टाचणी ही चर्चेतल्या तिघांची टोपणनावं.)

प्रयोगवही:
इथिओपियातल्या एका एमएस्सी झालेल्या मुलाला सीएसआयआर-ट्वास फेलोशिपवर पीएचडीसाठी पुण्याच्या प्रयोगशाळेत यायचंय. (सीएसआयआर म्हणजे भारताची वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद; ट्वास म्हणजे इटलीतल्या ट्रिएस्टची, विकसनशील देशांसाठी काम करणारी विज्ञान अकादमी.) गाईडकडे त्याने 'प्रिलिमिनरी अ‍ॅक्सेप्टन्स लेटर' (प्राथमिक होकाराचं पत्र) मागितलंय. असं पत्र दिलं की आर्थिक जबाबदारी आपल्या गळ्यात पडते का? ट्वास स्वतः किती देते? आणि दुसरं, जवळपास तसंच नाव असलेल्या एका 'आंतरराष्ट्रीय अकादमी'कडून विभागातल्या दोघांना 'आपली फेलो म्हणून निवड झाली आहे, शुल्क भरा' अशी मेल आली आहे. ही तीच संस्था का?

गाळणीकागद:
आधी पैशाचं बोलू, बाकीचे नियम त्यातूनच निघतात.

ट्वासची स्थापना १९८३ साली पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांच्या पुढाकाराने ट्रिएस्टमध्ये झाली. तेव्हाचं नाव 'थर्ड वर्ल्ड अकॅडमी ऑफ सायन्सेस', आताचं 'द वर्ल्ड अकॅडमी ऑफ सायन्सेस'. नाव बदललं तरी आद्याक्षरं जुनीच चिकटून राहिली. कार्यालय चालतं ते मुख्यतः इटली सरकारच्या पैशावर. २००४ साली तिथे कायदा होऊन ही मदत नियमित झाली. पैशाचा आणि नोकरवर्गाचा कारभार १९९१ पासून युनेस्कोकडे आहे. म्हणून एखादं साधं बिल निघायलाही तिकडची कार्यपद्धती पार करावी लागते.

थोडक्यात, अकादमीच्या स्वतःच्या तिजोरीतून वाटायला फारसं काही नसतं. प्रत्येक योजनेमागे वेगळा दाता, आणि अटी त्या दात्याच्या. संशोधन अनुदानांमागे बराच काळ स्वीडनची 'सिडा' ही विकास-मदत संस्था राहिली आहे. पीएचडीच्या फेलोशिप यजमान देशातल्या संस्था देतात: भारतात सीएसआयआर, जैवतंत्रज्ञान विभाग वगैरे. तुमच्या बाबतीत दरमहाचा स्टायपेंड सीएसआयआरचा. राहणं, जेवण, आरोग्य विमा त्यातूनच भागवायचं. ट्वास जाहिरात, अर्ज, छाननी आणि निवड यांत असते. प्रवासभाडं कोण देणार ते निवडपत्रात वाचून घ्या, गृहीत धरू नका.

दोन गोष्टी त्या मुलाला आजच सांगून टाका. स्टायपेंड रुपयांत मिळतो आणि परकीय चलनात बदलून मिळत नाही, म्हणजे घरी पैसे पाठवायचा बेत असेल तर तो बाद. आणि कुटुंबासाठी वेगळी तरतूद नाही.

प्रयोगाच्या खर्चाचं काय, हे मात्र गाईडने स्वतःलाच विचारावं. स्टायपेंडवर माणूस जगतो, त्यातून प्रायमर आणि सिलिका जेलसारखं प्रयोगाचं साहित्य येत नाही. चार वर्षांच्या कामासाठी प्रोजेक्टात पैसे आहेत का, ते बघूनच पत्र द्या.

टाचणी:
पत्राबद्दल. ते प्राथमिक असतं, त्याने आर्थिक बंधन येत नाही. पण ढिसाळ पत्रामुळे अर्ज बाद होतो, आणि त्या मुलाचं वर्ष जातं. संस्थेच्या लेटरहेडवर, तारीख आणि सहीसकट हवं. अर्जदाराचं नाव पासपोर्टावर आहे तसंच हवं. इथिओपियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, असा क्रम असतो. कुणी पत्रात दोन नावं लिहितं, पदवीपत्रात तीन असतात, आणि मग हा एकच माणूस आहे हे पटवत बसावं लागतं. पासपोर्टची प्रत मागून घ्या आणि त्यावरूनच टाइप करा. (अर्जालाही ती लागते. मुदत संपलेला असला तरी जोडता येतो.)

पत्रात कामाचा विषय दोन-तीन ओळींत यायला हवा. 'आमच्याकडे येण्यास हरकत नाही' एवढ्याच मजकुराची पत्रं छाननीत फिकी पडतात. 'झिओलाइटवरच्या अमुक अभिक्रियेचं काम, त्यासाठी लागणारं उपकरण इथे आहे', असं लिहा.

पात्रता तुम्हीच आधी तपासा. अर्जाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय जास्तीत जास्त ३५ हवं. भारताचा किंवा विकसित देशाचा रहिवासी व्हिसा नसावा. शिवाय एका वर्षात ट्वासच्या एकाच योजनेत अर्ज करता येतो. इथे फार जण फसतात: 'कुठेतरी लागेल' म्हणून दोन-तीन देशांत अर्ज टाकतात. त्याला स्पष्ट विचारा, दुसरीकडे भरलायस का?

निवड झाल्यावर: व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर पोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. होस्टेलने परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची असते, आणि हे काम नेमकं वॉर्डनच्या सुट्टीच्या दिवशी अडतं. पीएचडीची नोंदणी सहसा अ‍ॅक्सिरकडे (सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत पदवी देणारी संस्था) होते. तिथलं प्रवेशाचं वेळापत्रक आणि फेलोशिपचं वेळापत्रक आपोआप जुळत नाही, तेही आधी बघा.

गाळणीकागद:
त्या मेलचं राहिलंच. ती कचऱ्यात टाका. ट्वासचा फेलो (म्हणजे अकादमीचा निवडलेला सदस्य, फेलोशिपवरचा विद्यार्थी नव्हे) व्हायला अर्जही करता येत नाही आणि पैसेही भरावे लागत नाहीत. दुसऱ्या कुणीतरी नाव सुचवायचं, मग विषयवार समित्या कामाची छाननी करतात आणि शेवटी निवडणूक होते. आज जगभरात सुमारे १,४०० फेलो आहेत, बहुतेक विकसनशील देशांतले. आपले सी. एन. आर. राव अध्यक्षही होते.

ओळखायची सोपी खूण: 'निवड झाली' आधी आणि शुल्क नंतर, असा क्रम असेल तर ते सन्मानाचं दुकान. नाव सुचवणाऱ्याचं नाव विचारून बघा, उत्तर येणार नाही. वार्षिक हिशेब मागा, पुढची मेलही येणार नाही.

प्रयोगवही:
छान, पत्राचा मसुदा नव्याने करायला सांगते. एक उपप्रश्न: आपल्याच विद्यार्थ्यांना, म्हणजे भारतीयांना, ट्वासचं संशोधन अनुदान मिळतं का? उपकरणासाठी विचारतेय.

टाचणी:
नाही. ती अनुदानं विज्ञान-तंत्रज्ञानात मागे राहिलेल्या देशांच्या यादीतल्यांसाठी असतात, आणि भारत त्या यादीत नाही. सीएसआयआर-ट्वासही भारतीयांसाठी नाही. तिथे आपण यजमान आहोत. भारतीय विद्यार्थ्याला दुसऱ्या देशातल्या यजमान संस्थेच्या योजना बघता येतात, पण त्या त्या वर्षीची देशांची यादी वाचूनच.

हां, तुमचा तो मुलगा पीएचडी करून परत गेला की ते अनुदान मागू शकेल, इथिओपिया यादीत आहे. तेव्हा त्याला सांगा, त्या पैशातून उपकरणं, केमिकल आणि ठराविक पुस्तकं घेता येतात. पगार, प्रवास आणि लॅपटॉप नाही. अर्जाला पुरवठादाराची प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (खरेदीआधीचं किमतीचं बिल) जोडावी लागते. पुण्यात असतानाच तो कुठली यंत्रं वापरतोय, त्यांची मॉडेल आणि सुटे भाग लिहून ठेवले तर तिकडे दरपत्रक मागवताना शोधाशोध कमी.