फ्लेमिंगो आणि स्लॉथमध्ये साम्य काय लिहू? सोमवारी प्रोजेक्ट द्यायचाय

सिडकोची आई
मुलगी सातवीत आहे, पाणथळीतला एक पक्षी आणि झाडावरचा एक सस्तन प्राणी घेऊन तुलना करायचीये. मागच्या रविवारी नांदूरमध्यमेश्वरला गेलो होतो, चापडगावच्या मनोऱ्यावरून फ्लेमिंगो दिसले तेव्हाच पक्षी ठरला, आणि प्राणी म्हणे स्लॉथ, मी म्हटलं अगं शेकरू घे आपला राज्यप्राणी आहे, तर ऐकत नाही. फरक दोन पानं भरलेत पण बाईंना साम्य पण हवंय. एक उडतो, एक जागचा हलत नाही, काय लिहायचं 😅

निफाडकर दुर्बीणवाला
ताई भरपूर आहे की. दोघं उलटे! फ्लेमिंगो चरताना डोकं पार उलटं करतो, वरची चोच खाली, जिभेने पाणी आत-बाहेर करायचं आणि चोचीच्या कडेच्या जाळीत शेवाळ, बारीक किडे अडकतात. स्लॉथ जन्मभर फांदीला उलटा, म्हणून त्याचे केस पोटाकडून पाठीकडे वळलेले, पावसाचं पाणी निथळून जातं. आणि रंग दोघांचाही उसना, तोही शेवाळाकडून. फ्लेमिंगोचं पिल्लू राखाडी असतं, शेवाळ नि झिंगे खाऊन खाऊन गुलाबी होतं, स्लॉथच्या केसांतच शेवाळ उगवतं म्हणून तो हिरवट.

आडगाव नाका
स्लॉथ म्हणजे अस्वलच ना? स्लॉथ बेअर?

निफाडकर दुर्बीणवाला
नाही हो, स्लॉथ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. १७९१ मध्ये जॉर्ज शॉने आपल्या अस्वलाची लांब नखं बघून त्याला स्लॉथच समजून नाव ठेवलं, तो घोळ अजून चालूये.

जीवशास्त्रवाली
माझ्या मते खरं साम्य हे की दोघं फुकटात टिकून राहतात. फ्लेमिंगो एका पायावर उभा राहतो त्याला स्नायूंचा जोर जवळपास लागतच नाही, २०१७ च्या एका अभ्यासात मेलेला फ्लेमिंगो पण एका पायावर उभा राहिला होता. स्लॉथची पकड पण तशीच, मेल्यावरसुद्धा लटकलेला सापडतो. आणि फ्लेमिंगोचं चित्र काढलं असेल तर बघा हं, मागे वाकतो तो गुडघा नाही, घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो.

सिडकोची आई
अय्यो, तिथेच बाण काढून गुडघा लिहिलंय, तेही स्केचपेनने 🤦 व्हाइटनर आणायला पाठवलंय. आता म्हणते रविवारी परत जाऊ, उलटी चोच बघायचीये.